तिसरं रीळ

सुरत-भुसावळ पॅसेंजरनं डबे आले, पत्र्याचे, तीन.
गार्डनं विचारलं, तूप का?
मी म्हणालो, डेन्मार्क.
त्यानं सही घेतली.

एकोणऐंशीचा जानेवारी, अमळनेर.
लायब्ररीच्या वरच्या हॉलात सतरंज्या,
खिडक्यांतून जिनिंगच्या सरकीचा वास,
आणि पडदा म्हणजे बिऱ्हाडे वकिलांची दोन धोतरं जोडून.
मधोमध शिवण,
म्हणून समुद्र दोन तुकड्यांत.

मी फिल्म सोसायटीचा सचिव, म्हणजे सायक्लोस्टाइल करणारा.
डब्यात इंग्रजी कागद होता, त्यावरून लिहिलं:
लहान देश. एप्रिल चाळीस, पहाटे जर्मन आले.
लढाई काही तास. मग पाच वर्षं काळे पडदे.
मेटे बेकरीत पाव विकते.
एक शिपाई पाव घेतो आणि
सुट्टे मोजायला फार वेळ लावतो.
पुढचं लिहिलं नाही. पुढचं पडद्यावर.

पहिलं रीळ: बर्फ, पाव, सुट्टे.
मग एकदम घंटा, खिडक्याखिडक्यांत मेणबत्त्या, स्वातंत्र्य,
आणि चौकात स्टुलावर बसवलेली मेटे.
भोवती चौघं, तिचीच रोजची गिऱ्हाइकं.
कात्री.
डोक्यावर इथं-तिथं राहिलेले खुंट,
कपाशी उपटलेल्या वावरासारखे.
मागून कुणी म्हणालं, "तिना काय गुन्हा व्हता?"
शेंगा फोडायचा आवाज थांबला.

रीळ बदललं. दिवा लागला, विझला.
आणि मेटेचे केस कमरेपर्यंत!
शिपाई परत आलेला.
स्वयंपाकघरात दोघं नाचतात, बूट काढून, रेडिओ अगदी हळू.
शेवटी ती खिडकीत वेणी घालते
आणि वेणी पुरी व्हायच्या आत
पांढरं धोतर, शिवण.

मुनाफनं मशीनमागून माझ्याकडे पाहिलं.
त्याच्या हातात रिकामा डबा, त्यावर दोनचा आकडा.
मी ओठांवर बोट ठेवलं.
बिऱ्हाडे वकील म्हणाले, फार आशावादी लोक आहेत हे.

इंदुमती देवरे जिन्यात थांबली होती.
टेलिफोन एक्स्चेंज, रात्रपाळी.
भुसावळच्या एका आवाजाशी ती कधीतरी
तीन मिनिटांपेक्षा जास्त बोलली होती.
तेवढ्यावरून गावानं तिचं नाव
सात वर्षं वाजवत ठेवलं होतं, न्हाव्यानं रिकामी कात्री वाजवावी तसं.

"इतके लांब वाढायला," तिनं विचारलं,
"किती वर्षं लागली असतील?"

मी सचिव. कागद माझ्याच खिशात होता.
"चार," मी म्हणालो.

तिनं मान हलवली, हिशोब तपासून पाहिल्यासारखी.
"वाढी ग्यात पन," स्वतःशीच,
आणि डोक्यावरची शाल खांद्यावर घेऊन
पायऱ्या उतरली. बाहेर थंडी होती तरी.

रात्री वकिलातीचा फॉर्म भरला.
प्रेक्षक: त्रेसष्ट. प्रत: बरी, दोन ठिकाणी तुटली.
'प्रदर्शनात काही चूक झाल्यास' या रकान्यापाशी
मी बराच वेळ पेन धरून बसलो.
मुनाफ कोपऱ्यात रीळ उलटं गुंडाळत होता.

सकाळच्या गाडीला डबे दिले,
सुतळीनं घट्ट बांधून:
एक, तीन, दोन.