कायमचा पत्ता

सातारा स्टँडवर, फलटणच्या फलाटामागं
बूट उशाला घेऊन झोपतो मी.
पायात ठेवले तर सकाळी नसतात,
दुसऱ्याच रात्री कळलं.

सैनिक बोर्डाच्या खिडकीत
मुलाणी साहेबांनी फॉर्म सरकवला.
नाव लिहिलं. वय, एकोणीस.
‘कायमचा पत्ता’ पाशी पेन थांबलं.
चुलत्यानं घर विकलं
हे त्या चौकोनात मावेना.

‘आजोबा फौजेत होते, पुरावा?’
पिशवीतनं निळं पत्र काढलं,
घडीवर फाटलेलं. घरातनं निघताना
चार्जर राहिला, हे आलं.

नाईक हैबती फडतरे. एकाहत्तर.
मार्फत ५६ एपीओ.
‘हे गाव कुठलं, साहेब?’
‘गाव नाही रे. पलटण जिथं निजेल तिथं
हाच पत्ता. पत्रं पोचायची.’

मग मोठ्यानं वाचत गेले,
रांगेतल्या पेन्शनवाल्यांनीही कान दिला:
‘भाताच्या खाचरात गुडघाभर पाणी.
रात्री बांधावर पडतो, बूट उशाला.
बाकी खुशाल.
म्हैस व्याली का? उलट टपाली कळवा.’

मी बुटांकडं बघितलं. डाव्याचा तळ सुटलाय.

चौकोनात लिहिलं: फलाट सात, सातारा.
साहेबांनी चष्म्यावरनं बघितलं,
खोडलं नाही.
काम होईल असंही म्हणाले नाहीत.
‘जेवलायस का?’ एवढंच.

रात्री शेवटची फलटण गेल्यावर
आडवा झालो, तेव्हा आठवलं
म्हशीचं आजोबाला कुणी कळवलं का,
हे विचारायला
आता कुणीच नाही.