आवृत्ती ३.१

चौदा पानांचं संमतीपत्र.
तन्झिला म्हणाली, घरी न्या मावशी, सावकाश वाचा.
तिला काय माहीत, एकतीस वर्षं मी
शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासली,
पंचांगापासून प्रश्नपत्रिकेपर्यंत.
सावकाश वाचणं हाच माझा धंदा.

धायरीच्या गॅलरीत लाल पेन घेऊन बसले.
पान दोन : 'शिरातून दहा मिलिलिटर रक्त काढण्यात येईल.'
शिरेतून हो, शिरेतून!
एक मात्रा चुकली
तर माझं डोकंच फोडताय की तुम्ही.
पान सहा : मला 'विषय' म्हटलंय.
'विषय केव्हाही अभ्यासातून बाहेर पडू शकतो.
विषयाने कारण देण्याची गरज नाही.'
आमच्या घरात विषय बदलायचे,
बाहेर कधी पडले नाहीत.

लाललाल झालेली प्रत बघून तन्झिला हसली, मग गंभीर झाली.
नीतिसमितीने मंजूर केलेली आहे, मावशी,
काना बदलायचा तरी परत समिती बसते.
तिने कोरी प्रत दिली.
पानोपानी सही केली, चुकीसकट.
छापखान्यात असतं तर नोकरी गेली असती.

का आलात, विचारतात. रिकामी आहे, सांगते.
वत्सूताईचं सांगत नाही.
तिचा आधी मंगळवार गेला, मग चमचा,
मग एका सकाळी माझं नाव;
आणि डॉक्टर म्हणाले, वय झालं.
एवढंच? एका वाक्याचं उत्तर,
तेही छापील.

गोळी पांढरी. औषधाची किंवा नुसत्या पिठाची.
मला ठाऊक नाही, तन्झिलाला नाही,
डॉक्टरांनाही नाही. डबीवर फक्त आकडा.
शेजारच्या साने बाई म्हणाल्या, पिठाची निघाली तर
वर्षभर फुकटच की हो खेटे.
त्यांना कसं सांगू,
सोळा पानांच्या फर्म्यात कोरं पानही मोजतात,
नाहीतर पुस्तक जुळत नाही.

प्रवासखर्चाचे तीनशे मिळतात. बसला तिकीट लागतं तेवढं लागतं,
उरलेल्याचे स्वारगेटला पेरू घेते.
पहिल्या खेपेच्या यादीत पेरू होता.
तेव्हापासून सवयच लागली. ही कॉपी नाही ना?

चौथी खेप. दिवाळीला आठ दिवस.
तन्झिला म्हणाली, पाच शब्द सांगते, लक्षात ठेवा.
विळी. कंदील. खारीक. रेशीम. गुरुवार.
पाच मिनिटांनी विचारीन.
मग शंभरातून सात, त्यातून सात, त्यातून सात,
मग घड्याळ काढा, दहा वाजून दहा मिनिटं,
मग मधेच तिने पिशवीतून काढली नवी प्रत :
आवृत्ती ३.१.
'शिरेतून.'
'सहभागी केव्हाही अभ्यासातून बाहेर पडू शकतात.'
तुमची लाल पानं मी समितीकडे पाठवली होती, म्हणाली,
आता दोनशे बारा जणांच्या परत सह्या घ्यायच्यात,
सगळे मला शिव्या देतायत.

दोनशे बारा माणसं. एका मात्रेपायी.
एवढा मान मला छापखान्यात कुणी दिला नव्हता.
मी पुन्हा चौदा पानं वाचली. पान नऊवर
एक अनुस्वार राहिलाय. बोलले नाही.

हं, सांगा मावशी आता.
विळी.
खारीक. रेशीम.
गुरुवार.

पंखा फिरत होता. तन्झिलाचं पेन थांबलं होतं,
तिला सांगायची परवानगी नसते.
शब्द गळला की आम्ही दोन शब्दांच्या मधे हंसपद काढायचो :
इथे काहीतरी राहिलंय,
कुणीतरी भरा.
विळी आणि खारीक यांच्या मधे
मी ते मनातल्या मनात काढलं.
तिने लिहिलं, चार.

बाहेर अंधार. बसच्या खिडकीतून
दुकानादुकानांवर टांगलेले ते,
कागदाचे, रंगीत, आत दिवा असलेले,
खाली झिरमिळ्या,
वाऱ्याने एकदम सगळे एका बाजूला झुकणारे.
वत्सूताई घरी बनवायची, कामट्या सोलून.
किती छान दिसतात.
मांडीवर पेरू. पुढची खेप जानेवारीत,
तारीख तळहातावर लिहून घेतली आहे.