सात खिळे

माझ्या खोलीत कपाट नाही.
भिंतीत सात खिळे आहेत.
सहावा वाकडा:
नोल्बेर्तोने तो ठोकला तेव्हा
त्याचं लक्ष रेडिओवरच्या सामन्यात होतं.
आता त्यावर त्याचाच स्वेटर असतो, अल्पाकाचा.
बाह्या दोनदा दुमडून मी घालते.

इकिकेच्या बंदराजवळ, गोदामात,
एकोणीस वर्षं मी गासड्या फोडल्या.
पट्टी कातरली की गासडी श्वास सोडायची
आणि कुणाकुणाच्या घरांचे वास बाहेर यायचे:
लव्हेंडर, ओला कुत्रा, शिळा तंबाखू,
एकदा तर, शपथेवर सांगते, उकडलेला कोबी.
पहिली प्रत डावीकडे. दुसरी उजवीकडे.
तिसरी मागच्या दाराने ट्रकमध्ये.
ट्रक कुठे जातो हे विचारायची पद्धत नव्हती.
गरजही नव्हती;
आल्तो ओस्पिसिओत, आमच्या घरामागे,
टेकडीला दर वर्षी नवा खांदा फुटायचा.
वाळवंटात काही कुजत नाही.
पाऊस नाही, कीड नाही.
ते नायलॉन मला पुरून उरेल.

यास्ना, माझ्या बहिणीची मुलगी,
सांतियागोहून आली
तीन पोती आणि एक नवी सुटकेस घेऊन.
"मावशी, आता मी मोजकंच ठेवणार."
सुटकेस उघडली. तेहेतीस कपडे,
ओल्या वाळूच्या रंगाचे, कोरड्या वाळूच्या,
पिठाच्या, राखेच्या.
सेंद्रिय कापूस. किमतीच्या चिठ्ठ्या अजून लटकलेल्या.
इतकी वाळू विकत घ्यायला
माणूस वाळवंटातून निघून जातो का, असं
ओठांवर आलं होतं. गिळलं.
"आणि ही पोती?"
"ती दान. कुठे द्यायची, तुला ठाऊक असेलच."

ठाऊक होतं.
खिडकीतून दिसत होतं.

मी चहा टाकला.
मग पोती जमिनीवर उपडी केली
आणि हात आपोआप चालू लागले,
डावीकडे, उजवीकडे, मागे.
गोदाम सुटलं, हातांना अजून कळलेलं नाही.
एक लाल कोट मागे गेला.
"तो का?" यास्ना एकदम पुढे झाली.
"पहिल्या पगाराचा आहे तो."
अस्तर उसवलेलं, एक गुंडी गायब,
खिशात बसचं तिकीट, विरघळून लगदा झालेलं.
"मग टाकलास कशाला?"
ती काही बोलली नाही.
मला वाटतं, लागलं तिला.
लागायला हवं होतं की नाही, अजून ठरत नाही.

सुई तिनेच ओवली; माझे डोळे आता दोरा चुकवतात.
लाल दोरा नव्हता, निळा होता.
टाके दिसतील, म्हणाली.
दिसू देत, म्हटलं.
गुंडी शाळेच्या गणवेशाची मिळाली, जरा मोठी,
काज थोडं फाडावं लागलं.
"तुझ्याकडे सातच कपडे? हे तत्त्व आहे तुझं?"
"तत्त्व कसलं गं. खिळे संपले."
एक धुणं, एक वळण, बाकीचे सणासुदीला:
आई असंच जगली, तिला कुणी नाव नव्हतं दिलं.

सातव्या खिळ्याबद्दल तिने विचारलं नाही, बरं झालं.
तिथे हिरवा टिकल्यांचा झगा आहे,
गासडीतून कोटाखाली लपवून आणलेला.
दोनदाच घातला.
एकदा नाचले.
एकदा दार लावून, नुसतीच बसून राहिले.

संध्याकाळी समुद्रावरून कामांचाका चढून आलं,
धुकं, जे भिजवतं पण प्यायला देत नाही.
दोरीवरचे कपडे पुन्हा ओलसर झाले.
यास्ना कोट अंगात घालूनच बसमध्ये चढली,
आत उकडत असणार.
सुटकेसमधले अकरा कपडे परत करता येतात म्हणे.
करते की नाही, बघू.

दोन पोती राहिली, टेबलाखाली.
एकातून पायपुसणी केली, उशा भरल्या,
तरी पोतं खाली बसत नाही.
मागे टेकडी आहे, पाच मिनिटांचा रस्ता.
रात्री पाणी प्यायला उठले की
पायाला लागतात ती, मऊ,
एखादं जनावर झोपलेलं असावं तशी.