कोवळ्या प्लेटलेट्स

तार्तूत नोव्हेंबरात साडेतीनलाच दिवस मिटतो.
मशीनमध्ये तेव्हा माझी शेवटची खेप लागलेली असते.
ऊर्वे तामे, वय एक्केचाळीस. नऊ हजार.
दीड लाखाच्या जागी नऊ.
अशा वेळी मशीनवर विसंबायचं नसतं.
काचपट्टी ओढली, डोळ्यांनी मोजत बसले :
तांबड्या पेशींच्या गर्दीत इथे एक,
मग बराच वेळ कोणीच नाही.

तिला मी पाहिलेलं नव्हतं.
कागदावर डॉक्टर कास्कचं आडवंतिडवं अक्षर :
नडग्यांवर लाल ठिपके, आधी वाटलं डास चावले.
मांडीवर डाग,
रानात वेचलेल्या ब्लूबेरींवर
चुकून बसल्यासारखा.

अँटीबॉडीची चाचणी रिकाम्या हाताने परत आली.
सापडलं नाही म्हणजे नाहीच, असं नसतं.
डॉक्टरांना माहीत आहे, मलाही;
कागदाला माहीत नाही,
तो ठळक अक्षरांत 'निगेटिव्ह' म्हणून मोकळा होतो.

मग कोवळ्या प्लेटलेट्स मोजल्या. शंभरात एकवीस.
म्हणजे हाडांच्या आत भट्टी पेटलेली आहे,
पाव फुगतायत, गरम गरम बाहेर येतायत,
आणि उंबऱ्यावरच कोणी उचलून नेतंय.
चोर नव्हे. घरचाच राखणदार.

"एक खूण द्या मला," कास्क म्हणतात,
"कुठलं औषध हिला मानवेल, आधी सांगणारी.
नाहीतर तीन-तीन महिने
आपण हिच्या अंगावर अंदाज करत राहणार."
मी उणे ऐंशीचा खण उघडते.
दोनशे माणसांचे थेंब, नावं पुसून ठेवलेले.
बोटांना चटका बसतो.
अजून तरी कोणी काही बोललेलं नाही.

मार्चात एमायगीवरचं बर्फ फुटत होतं,
बाजारात धुरी दिलेल्या माशांच्या टपरीवर
चंद्रासारखा सुजलेला चेहरा, स्टेरॉइडचा;
कोणीतरी मागून हाकारलं, "ऊर्वे!"
तिने वळून पाहिलं आणि सुरी बोटावर आली.

मी कोण, तिला काय माहीत.
तिने कागद दाबून धरला.
मी मोजू लागले, सवयीने.
चाळीस. साठ. नव्वदच्या पुढे
आकडा हरवला माझा.
तिने कागद सोडवला, बोट उजेडात धरलं.
थांबलं होतं.

"किती देऊ?" तिने विचारलं.
काय घ्यायला आले होते, आठवेना.
अर्धा किलो, म्हणाले.