फुटांचा हिशेब

मनाम्यात सासऱ्यांना करमेना.
तेल कंपनीतून ह्यांची पाळी सुटेपर्यंत
ते गच्चीवर बसत, खारा वारा चष्म्यावर साचू देत,
आणि मी काच पुसून दिली की म्हणत,
"पडदा उघडला. नांदी कुठंय?"

मिरजेत त्यांच्या नाटकाला पाच अंक असत.
नायिका मरायला पाऊण तास घ्यायची,
वन्स मोअर आला की उठून पुन्हा मरायची.
मग नाटक मंडळी बुडाली. अरण्याचा पडदा
मंडपवाल्यानं नेला, राजवाड्याचा सावकारानं,
आणि गोपीनाथ पोतनीस
दोन धोतरं, एक बाड घेऊन
स्टुडिओच्या फाटकाशी उभे राहिले.
महिना नव्वद. दुपारचा चहा फुकट.

तिथं बोलणं फुटांवर मोजत.
मिनिटाला नव्वद फूट फिल्म, तीही बोटीनं येणारी.
आवाज धरणारा पोऱ्या सांगे,
"मास्तर, श कमी करा, माईक फुसफुसतो."
कावळे आड येतात म्हणून शूटिंग रात्री.
पहाटे तीनला ह्यांनी शांताची मालती केली,
शपथेची आण केली,
उसासा राहू दिला, त्याला इलाज नव्हता.

सात वर्षं. अकरा बोलपट.
त्यातल्या एकात मुलगी घर सोडते,
बाप उंबऱ्याशी येतो. त्याच्या तोंडी
ह्यांनी दीड पान लिहिलं होतं.
डायरेक्टरनं पेन्सिल फिरवली.
उरलं: "दार उघडं आहे."
मुन्शीनं त्याचं हिंदी केलं, तेही तीन शब्दांचं.
"तीन फूट," सासरे मला सांगत,
आणि तीन बोटं बराच वेळ वर ठेवत.

एका गुरुवारी तोच बोलपट इथं लागला,
बाजारामागच्या उघड्या थेटरात,
चुन्यानं रंगवलेल्या भिंतीवर.
लाल रुपयाची नोट देऊन आम्ही दोघं आत.
पहिलं रीळ झिजलेलं, नावं कापून टाकलेली.
ते काही बोलले नाहीत.
फक्त प्रत्येक वाक्य
नटाच्या आधी अर्धा श्वास ओठांत हलायचं;
पुढच्या बाकावरच्याने दोनदा वळून पाहिलं.

पडद्याशेजारी खुर्चीवर जासिम उभा असे,
मुहर्रकचा, पूर्वी मोत्यांसाठी बुड्या मारणारा.
एक कान समुद्रानं घेतलेला, दुसरा अर्धा.
सिनेमा चालू असतानाच
तो मोठ्यानं अरबीत सगळं सांगायचा:
कोण कोणाचा काका, विष कशात आहे.

बाप उंबऱ्याशी आला. म्हणाला,
"दरवाजा खुला है."
आणि जासिम बोलत राहिला.
पडद्यावर मुलगी निघून गेली, बैलगाडी आली,
कुणाचं तरी लग्न लागायला लागलं,
जासिम बोलतोच आहे,
आणि बाकांवरचे खलाशी, हमाल, एक इराणी भटारी
लग्नाकडे पाहत डोळे पुसताहेत.

सुटल्यावर सासऱ्यांनी त्याला गाठलं.
बाजारी हिंदीत विचारलं, काय सांगितलंस?
जासिमनं बरा कान पुढे केला.
"नीट ऐकू नाही आलं, शेठ. तोंड पाहिलं त्याचं.
माझी आई मोत्यांच्या मोसमात
चार महिने कडी लावत नसे.
चोर आला तर येवो, म्हणायची,
माझा आला आणि दार बंद दिसलं तर?
तेच सांगितलं. चुकलं का?"

"नाही," सासरे म्हणाले.
लिहिणारे आपण, हे त्याला सांगितलं नाही.
मी सांगायला तोंड उघडलं
तर माझा हात दाबला.

घराकडे येताना दाणे खात होते.
बंदराजवळ थांबले.
"किती वेळ बोलला गं तो?"
मी कुठं घड्याळ पाहिलं होतं.
"दीड मिनिट," म्हणाले, "मी मोजलं.
एकशे पस्तीस फूट."
उरलेली टरफलं खिशात टाकली,
कारण रस्ता स्वच्छ होता.
"परवडलं नसतं कंपनीला."