डावीकडचा ब्रेक

अकरा वर्षं मी डाव्या सीटवरून
ब्रेक दाबत आलेय.
मॅटला त्या जागी भोक पडलंय, टाचेएवढं.
सगुण हसायचा. मग गेल्या चैत्रात
चोर्ल्याच्या उतारावर पेडल मऊ पडलं,
लोण्यात बोट जावं तसं,
आणि तो हसला नाही.

आज केरीत, पडवीसमोर गाडी स्टँडवर.
चिऱ्यावर ठेवायची नसते म्हणे, चिरा भुगा होतो;
हे तो चिऱ्यावरच बसून सांगतो.
बेळगावच्या खोक्यातून निघाल्या
परातीएवढ्या डिस्क, लाल कॅलिपर,
आणि एक वॉशर जास्त, ज्याचं काय करायचं
ते दुपारपर्यंत कळलं नाही.

"उजवीकडे बस. सांगेन तसं."
दाब.
धर.
धरलंय.
पेडल पायाखालून खोल खोल जातं.
आता सोड.
नळीतून काळा चहा उतरतो
कोकमाच्या रिकाम्या बाटलीत, मधेच बुडबुडा.
"हवा आहे अजून," चाकाआडून आवाज.
उघड्या दारातून मला फक्त त्याचे तळवे दिसतात,
ग्रीस लागलेले, लहान मुलासारखे.
दाब. धर.
कितव्या खेपेला कोण जाणे
पेडल खाली जायचं थांबलं.
मी तरी पाय काढला नाही.

संध्याकाळी घाटात. नवे पॅड तापवायचे असतात:
साठवरून वीस, पुन्हा साठ,
करपल्याचा वास, गप्प दोघं.
वळणावर वानरं.
गाडी जागच्या जागी उभी राहिली.

"आता तरी उचल तो पाय," सगुण म्हणाला.
म्हटलं, ते शेवटचं पिल्लू जाऊ दे आधी.