शेवटच्या पानावरचा तक्ता

परिपत्रक सकाळच्या बसने आलं, अंड्यांच्या खोक्यांसोबत.
आठवीच्या इतिहासाच्या सगळ्या प्रती
मोजून, बांधून, शुक्रवारपर्यंत जमा कराव्यात.
कारणाच्या रकान्यात: नवीन अभ्यासक्रम.

सोरोकातल्या या शाळेत मी ग्रंथपाल.
नीस्त्रू नदीच्या अलीकडे आम्ही, पलीकडे युक्रेन.
नदी तीच आहे, हे आधीच सांगून ठेवते,
कारण पुस्तकात ती कधी सीमा होती, कधी जखम,
कधी नुसतीच नदी,
लांबी आणि माशांच्या जाती यांसह.

माझ्या नोकरीतली ही तिसरी खेप.

पहिल्यांदा तर अक्षरंच गेली.
गोष्ट तीच, कोल्हा तोच, शब्दही तेच,
पण रशियन वळणाची लिपी अंगावरून उतरवून
लॅटिन चढवली त्यांना.
चोवीस वर्षांची मी, पहिलीतल्या पोरीसारखी
जीभ दातांत धरून गिरवत बसले: आगाफिया.
खोटं कशाला बोलू, रडले त्या दिवशी, आनंदाने.
आई म्हणाली, हीच तर शिकले होते मी लहानपणी,
मग म्हणाले, विसर.
विसरलेलं पुन्हा शिकायला तिचे डोळे उरले नव्हते.

दुसऱ्यांदा विषयाचं नाव बदललं.
'आपण कोण?' हा प्रश्न तीन गुणांचा होता,
पाच गुणांचा झाला.
इतिहासाचे क्रोइतोरू मास्तर तेव्हापासून
टाचण पेन्सिलीनेच काढतात.
खोडरबर खिशात, रुमालाशेजारी.

आता ही तिसरी.
राजधानीत कोण जिंकलं, ते आम्हाला
रेडिओआधी पुस्तकांच्या गठ्ठ्यांवरून कळतं.

शुक्रवारी शिक्षण खात्याची मुलगी आली,
हातात यादी, बुटांना चिखल.
तळघरात दोघी मोजत बसलो.
दहाची चळत, सुतळी, गाठ. दहाची चळत, सुतळी, गाठ.
मध्येच ती थांबली.

आमच्याकडे पुस्तकं भाड्याने देतात,
आणि प्रत्येकाच्या शेवटच्या पानावर एक तक्ता असतो:
विद्यार्थ्याचं नाव, वर्ष,
घेताना स्थिती, परत करताना स्थिती.
तिसऱ्या ओळीत, माझ्याच अक्षरात:
दोम्निका मुंत्यानू. घेताना: चांगली.
परत करताना: पान ४३ नाही.

"हो," मी म्हटलं, "तीन लेई दंड केला होता तुला."
"वडिलांनी अक्रोड विकून दिला," ती म्हणाली.
मग बराच वेळ काही नाही.
"त्या पानावर घोड्याचं चित्र होतं.
भावाला हवं होतं. तो आता इटलीत असतो,
म्हाताऱ्यांची अंगं पुसतो."

तिच्या वरच्या ओळीतला यॉनूत्स मॉस्कोत बांधकामावर.
खालची इलिंका कुठे, कुणालाच ठाऊक नाही.
शेवटचा पोरगा गेल्याच वर्षीचा,
त्याने नावापुढे फुटबॉल काढलाय.
पुढच्या दीडशे पानांत राजे आले-गेले,
सैन्यं 'मुक्त करायला' आली की 'बळकवायला',
ते क्रियापद अजून ठरायचं आहे.
मागच्या पानाला मात्र
कुठल्याच मंत्र्याने हात लावला नाही.
कुणी तिथवर पोचतच नसावं.

मी मोजलेल्या प्रती दोनशे बारा.
नोंदवहीत दोम्निकाने लिहिलं: दोनशे अकरा.
अंक सुबक, शाई खात्याची.
सोळा वर्षांत एका पुस्तकाचा फरक
मी कुणाला माफ केला नव्हता.
सही केली.

टेम्पो रद्दीच्या कारखान्याकडे गेला.
गठ्ठे किलोवर मोजतील, म्हणाला चालक,
आणि तंबाखू मागितली.

सोमवारी नवी पुस्तकं आली, डिंकाच्या वासाची.
नदी कोणती झालीय, ते मी अजून पाहिलं नाही.
पहिल्या मुलाचं नाव तक्त्यात घातलं,
घेताना स्थिती: नवीन.
तो म्हणाला, आगाफिया बाई, आणि हे खरं आहे ना?

रांगेत मागे एकतीस मुलं होती.
मी म्हटलं, कव्हर घाल त्याला,
आणि पानं फाडू नकोस.